वस्तीपर्यंत संधी पोचवायची तर कामाचा क्रम कसा असावा? शहर प्रशासनासाठी सविस्तर मार्गदर्शक

एखाद्या मुलाचं पुढचं आयुष्य तो कोणत्या वस्तीत वाढतो यावर किती अवलंबून असतं, याचा एक भक्कम पुरावा अमेरिकेतल्या प्रयोगातून मिळाला. १९९४ ते १९९८ दरम्यान बोस्टन, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत अतिशय गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांची सोडत काढली गेली. ज्यांचा नंबर लागला त्यांना कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली. पुढे राज चेट्टी, नॅथनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या मुलांची कमाई तपासली. वयाची तेरा वर्षं पूर्ण होण्याआधी जी मुलं चांगल्या वस्तीत गेली, ती विशीच्या मध्यावर सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. मोठ्यांच्या कमाईत मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाही. थोडक्यात, लहान वयात चांगल्या वस्तीत जितकी जास्त वर्षं जातात तितका फायदा मोठा.

पण कुठलंही शहर आपल्या सगळ्या गरीब कुटुंबांना उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही, आणि नेऊही नये. शेजारपाजार, ओळखीपाळखी, कामाच्या वाटा या सगळ्यांची किंमत असते. त्यामुळे शहर प्रशासनाच्या हातात मुख्यतः दुसरा मार्ग उरतो: आहे ती वस्तीच अशी घडवायची की तिथे वाढणाऱ्या मुलाचं नुकसान होऊ नये. हा लेख त्या मार्गाबद्दल आहे. लोकप्रतिनिधी, वॉर्ड ऑफिसातले अधिकारी, अभियंते आणि वस्तीत काम करणारे कार्यकर्ते अशा सगळ्यांना तो उपयोगी पडावा. बहुतेक शहरांना यातली कामं ठाऊक असतात. चुकतो तो कामांचा क्रम, आणि क्रम चुकला की चांगल्या हेतूने केलेला खर्चही तिथल्या माणसांच्या विरोधात जातो. म्हणून क्रमावर माझा सगळ्यात जास्त भर आहे.

पायरी १: सरासरी मोडा

शहराच्या अहवालातले आकडे सरासरीचे असतात. दरडोई इतकं पाणी, इतक्या शाळा, इतक्या बागा. त्यातून कोणाला काय मिळत नाही ते कळत नाही. पहिलं काम म्हणजे हे आकडे वॉर्डापर्यंत, आणि जमल्यास गल्लीपर्यंत उतरवणं.

निर्देशकांची, म्हणजे काय काय मोजायचं त्याची, यादी लांबलचक करू नका. पाच-सहा पुरेत, पण ते माणसाच्या दिवसाशी जोडलेले हवेत. नळाला दिवसातून किती तास पाणी येतं? बसने पाऊण तासात किती नोकऱ्यांपर्यंत पोचता येतं? शाळेत शिक्षकांच्या मंजूर जागांपैकी किती रिकाम्या आहेत? रस्त्यावरच्या दिव्यांपैकी रात्री नऊ वाजता प्रत्यक्ष किती पेटलेले असतात? आजारी मुलाला घेऊन चालत दवाखान्यात जायला किती वेळ लागतो? 'दवाखाना आहे' ही नोंद पुरेशी नाही. तो संध्याकाळी उघडा असतो का, तिथे डॉक्टर असतात का, हेही लिहायला हवं.

हे आकडे नकाशावर मांडा. मग याच नकाशावर मागच्या पाच वर्षांचा भांडवली खर्च, म्हणजे रस्ते, पाइप, इमारती अशा टिकाऊ कामांवरचा खर्च, वॉर्डवार चढवा. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वात बोलका कागद असतो. गरज कुठे आहे आणि पैसा कुठे गेला, हे एका पानावर शेजारी शेजारी दिसलं की सभागृहातली चर्चा बदलते. हा नकाशा लपवू नका. वॉर्ड ऑफिसच्या दारात मोठा करून लावा.

इथे एक खबरदारी लागते. नकाशा वस्तीचं नुकसानही करू शकतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत गृहकर्जासाठी स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे करून वस्त्यांना जोखमीप्रमाणे रंग दिले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सहसा लाल रंगात गेल्या. कर्ज कुणाला द्यायचं यामागचा हा भेदभाव पुढे कित्येक दशकं चालू राहिला, आणि त्या वस्त्यांमधल्या कुटुंबांना घराच्या रूपाने संपत्ती उभी करता आली नाही. तेव्हा नकाशाचं शीर्षक 'धोकादायक भाग' किंवा 'समस्याग्रस्त भाग' असं ठेवू नका. 'शहराकडून येणं बाकी' असं काही ठेवा, म्हणजे जबाबदारी कोणाची ते वाचणाऱ्याला कळेल.

मोजणी शक्यतो वस्तीतल्या लोकांकडूनच करून घ्या. १९८५ मध्ये 'स्पार्क' या संस्थेने मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना केली. तोवर ही माणसं कुठल्याच यादीत नव्हती. गणना झाल्यावर ती कुठून आली, काय काम करतात, किती वर्षं तिथे आहेत हे आकड्यांत मांडता आलं आणि त्यांना प्रशासनाशी बोलायला आधार मिळाला. बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला पोटमाळ्यावरचा भाडेकरू दिसत नाही. शेजारणीला दिसतो.

पायरी २: सुधारणेआधी राहण्याची हमी

ही पायरी बहुतेक शहरं शेवटी घेतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. रस्ता रुंद झाला, बाग झाली, गाडी थेट दारापर्यंत आली की जागेचा भाव चढतो. भाडेकरू त्याच वर्षी बाहेर पडतो. ज्याच्या नावावर कागद नाही त्याच्यावर जागा सोडण्यासाठी दबाव येतो. नव्या बागेत मग दुसऱ्याच कुटुंबांची मुलं खेळतात, आणि अहवालात मात्र 'वस्ती सुधारली' अशी नोंद होते. म्हणून कुदळ मारण्याआधी राहण्याची हमी द्यायला हवी.

काय करता येतं? थायलंडमध्ये २००३ पासून 'बान मनकाँग' हा कार्यक्रम चालतो. त्यात वस्तीतले लोक आधी बचत गट बांधतात, स्वतःची पाहणी करतात, जमीनमालकाशी बोलणी करतात आणि जमिनीचा हक्क किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा सामूहिक नावाने घेतात. घरबांधणी त्यानंतर येते. हक्क सामूहिक असल्यामुळे एकेकाला गाठून जागा विकत घेणं अवघड होतं.

बोस्टनमधल्या डडली स्ट्रीट भागाने वेगळी वाट काढली. तिथे जळालेल्या इमारतींचे आणि कचरा टाकल्या जाणाऱ्या मोकळ्या भूखंडांचे पट्टेच्या पट्टे पडून होते. १९८४ मध्ये रहिवाशांची संघटना उभी राहिली. १९८८ मध्ये शहराने तिला ठरावीक भागातले रिकामे खासगी भूखंड संपादन करण्याचा अधिकार दिला, जो एरवी सरकारकडेच असतो. त्या जमिनी रहिवाशांच्या न्यासाकडे गेल्या. जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं, आणि घर विकताना किमतीवर मर्यादा. त्यामुळे ती घरं पुढच्या पिढीतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही परवडतात.

तुमच्या शहरात यापैकी काही लगेच शक्य नसेल, तर किमान इतकं करा: काम जाहीर करण्याआधी त्या भागातल्या भाडेकरूंची यादी तयार ठेवा, शहराच्या मालकीचा एकही भूखंड त्या भागात विकू नका, आणि कामामुळे ज्यांना तात्पुरतं हलावं लागेल त्यांना परत येण्याचा हक्क तारखेसह लेखी द्या. शहराच्या हातातला भूखंड एकदा गेला की तो पुन्हा मिळत नाही, म्हणून यातल्या दुसऱ्या गोष्टीवर अडून बसावं.

पायरी ३: पैसे वाटण्याचं सूत्र आधी ठरवा

पैसा मागणाऱ्याच्या आवाजावर वाटला जाऊ नये. त्यासाठी सूत्र हवं, आणि कोणती कामं घ्यायची याची चर्चा सुरू होण्याआधीच ते मंजूर झालेलं हवं.

याचा जुना आणि नीट चाललेला नमुना ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराचा. १९८९ मध्ये तिथे नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक तयार करायला सुरुवात झाली. शहराचे सोळा विभाग केले. प्रत्येक विभागाला तीन गोष्टींवर गुण मिळत: लोकसंख्या किती, त्या सोयीची कमतरता किती, आणि विभागातल्या लोकांनी त्या कामाला कितवं स्थान दिलं. प्रत्येक गोष्टीला ठरलेलं वजन होतं. नळ आणि सांडपाण्याच्या जोडण्या गरीब भागांत झपाट्याने वाढल्या त्या याच काळात.

वजनांचा परिणाम कळावा म्हणून एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा लोकसंख्येला वजन २, कमतरतेला ५ आणि लोकांच्या पसंतीला ४. 'अ' वस्ती मोठी आहे, पण तिथे बरंच काही झालेलं आहे. तिला लोकसंख्येचे ४, कमतरतेचा १ आणि पसंतीचे २ गुण. एकूण ८ + ५ + ८ = २१. 'ब' वस्ती निम्मी आहे, पण तिथे गटारही नाही. तिला २, ४ आणि ४ गुण. एकूण ४ + २० + १६ = ४०. नुसत्या लोकसंख्येवर वाटप केलं असतं तर 'अ'ला 'ब'च्या दुप्पट रक्कम गेली असती. या सूत्राने 'ब'ला जवळपास दोन तृतीयांश मिळते. वजनं काय ठेवायची हा राजकीय निर्णय आहे, तो सभागृहानेच घ्यावा. मात्र तो उघड घ्यावा आणि वर्षाच्या मध्ये बदलू नये.

मतदान ऑनलाइन ठेवणार असाल तर आणखी एक तरतूद लागते. ज्यांच्याकडे वेळ, इंटरनेट आणि ओळखी आहेत त्यांची मतं जास्त पडतात. पॅरिसने २०१४ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं आणि पुढे कष्टकरी वस्त्यांसाठी त्यातला ठरावीक वाटा वेगळा राखला. तुम्हीही मतदानाआधीच असा वाटा बाजूला काढा.

पायरी ४: बैठक अशी घ्या की लोक येतील

बैठकीची वेळ कामाच्या तासांत ठेवली तर निवृत्त पुरुष आणि पक्षाचे कार्यकर्ते येतील. संध्याकाळी, वस्तीतच, पायी पोचता येईल अशा जागी बैठक घ्या. मुलांना सांभाळायची सोय शेजारच्या खोलीत करा. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण बाईने यायचं की नाही ते बऱ्याचदा यावरच ठरतं.

बोगोटा शहराने हाच विचार बैठकीपुरता न ठेवता शहराच्या रचनेत नेला. २०२० मध्ये, क्लाउडिया लोपेस महापौर असताना, तिथे पहिलं 'काळजी केंद्र' सुरू झालं. घरातल्या मुलांची, वृद्धांची, आजारी माणसांची काळजी घेणारी बाई तिथे येते. तिच्यासोबतच्या माणसाला कोणीतरी सांभाळतं, कपडे धुण्याची सोय असते, आणि तेवढ्या वेळात ती राहिलेलं शालेय शिक्षण पूर्ण करते, प्रशिक्षण घेते, वकिलाचा सल्ला घेते किंवा नुसती विसावते. या सगळ्या सेवा एकाच आवारात किंवा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात. जिथे इमारत नाही तिथे या सेवा घेऊन बस जाते. संधी पोचवणं म्हणजे काय याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही, कारण इथे शहराने बाईचा वेळ मोकळा केला. अभ्यासक्रम आधीही होते, तिथे जायला तिला सवड नव्हती.

बैठकीत अभियंता हजर हवा, पण त्याने शेवटी बोलावं. आधी लोकांनी अडचण सांगावी. 'आम्हाला समाजमंदिर हवं' अशी मागणी आली तर त्यामागची अडचण विचारा. कधी ती पावसाळ्यात मुलांना अभ्यासाला कोरडी जागा नाही ही असते, आणि मग शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी उघडे ठेवले तरी भागतं. प्रत्येक मागणीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या: होईल, कधी होईल, किंवा होणार नाही आणि का. लोक नकार पचवतात. उत्तरच आलं नाही तर पुढच्या बैठकीला येत नाहीत.

कोण बोलत नाही याकडेही लक्ष ठेवा. १९९० च्या दशकात व्हिएन्नात बागांचा अभ्यास झाला तेव्हा लक्षात आलं की वयाच्या साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेत यायच्या थांबतात. मधलं मोकळं मैदान मोठी मुलं व्यापत आणि मुली माघार घेत. मग दोन बागांची रचना बदलली. मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, बसायच्या जागा वाढवल्या. मुली परत आल्या. यासाठी कुणी तक्रार अर्ज केला नव्हता. कोण येत नाही हे कुणीतरी मोजलं होतं.

पायरी ५: एक वस्ती, अनेक कामं, एकाच वेळी

दरवर्षी प्रत्येक वॉर्डाला थोडं थोडं दिलं की सगळे खूश राहतात आणि कुठेच काही बदलत नाही. रस्ता होतो, मग पाइपलाइनसाठी तोच खणला जातो. सर्वात मागे पडलेल्या दोन-तीन वस्त्या निवडा आणि तिथे सगळ्या खात्यांची कामं एका वेळापत्रकात बांधा.

कोलंबियातल्या मेदेयीनने हे करून दाखवलं. १९९१ च्या सुमारास हे शहर खुनांच्या प्रमाणात जगात सर्वात वरच्या शहरांपैकी होतं. डोंगरउतारावरच्या वस्त्यांतून खाली कामावर जायला लोकांचा फार वेळ जाई. २००४ मध्ये मेट्रोला जोडणारी केबल कार सुरू झाली. पुष्कळ जण ही गोष्ट इथेच संपवतात आणि आपल्या शहरातही केबल कार हवी म्हणतात. पण महापौर सेर्खिओ फाखार्दो यांच्या काळात, २००४ ते २००७ दरम्यान, स्थानकांभोवती पायऱ्या, पूल, चौक, शाळा, ग्रंथालयं असं सगळं एका आराखड्यात केलं गेलं, आणि त्या आराखड्यात रहिवासी बसले होते. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा केबल कार पोचलेल्या वस्त्यांत हिंसाचार तशाच इतर वस्त्यांपेक्षा जास्त घटलेला दिसला. पैशाचा एक मोठा स्रोत म्हणजे वीज-पाणी पुरवणारी शहराच्या मालकीची कंपनी. तिच्या नफ्याचा भाग शहराच्या तिजोरीत येतो. सार्वजनिक कंपनी विकायला निघालेल्या शहरांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

त्याच शहरातला एक धडा कटू आहे. डोंगरावरचं 'पार्के बिब्लिओतेका एस्पान्या' हे ग्रंथालय २००७ मध्ये उघडलं आणि जगभर गाजलं. काही वर्षांतच बाहेरच्या आवरणात दोष निघाले आणि इमारत बंद करावी लागली. वस्तीचा अभिमान असलेली जागा वर्षानुवर्षं बंद राहिली. म्हणून प्रत्येक बांधकामाच्या प्रस्तावात पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि जबाबदार पदाचं नाव असल्याशिवाय त्याला मंजुरी देऊ नका. झाडूवाला, रखवालदार, ग्रंथपाल यांचे पगार हाही त्या इमारतीचाच खर्च आहे.

काही कामं गल्लीनेच करायची असतात. कराचीच्या ओरंगी भागात १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात गल्ली हा घटक धरला. गल्लीतल्या घरांनी एकत्र येऊन वर्गणी काढायची आणि आपली गटारं स्वतः बांधायची. तांत्रिक सल्ला प्रकल्पाचा. मधला कंत्राटदार वगळल्यामुळे खर्च खूपच कमी आला. पण मुख्य नाला आणि शुद्धीकरण हे शहराचंच काम आहे, ते गल्लीवर ढकलू नये. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलने १९८८ मध्ये शेजारनिधी सुरू केला. वस्तीने जेवढं घालावं तेवढं शहराने घालायचं, आणि वस्तीच्या वाट्यात श्रमदानाचे तासही पैशांसारखे धरायचे. गरीब वस्तीला हीच तरतूद उपयोगी पडते; नुसती रोख वर्गणी मागितली तर असा निधी सुखवस्तू भागातच जातो.

पायरी ६: शहराची खरेदी वस्तीकडे वळवा

शहर स्वतः मोठा ग्राहक असतं. गणवेश, जेवण, दुरुस्ती, छपाई, सफाई. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात हे ध्यानात आलं. तिथल्या सहा मोठ्या सार्वजनिक संस्थांच्या खर्चापैकी २०१२-१३ मध्ये जेमतेम ५ टक्के शहरात राहत होता. जाणीवपूर्वक खरेदी बदलल्यावर २०१६-१७ पर्यंत हा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास पोचला.

यासाठी तीन गोष्टी लागतात. मोठी निविदा तोडून छोट्या करा, म्हणजे वस्तीतला गट भाग घेऊ शकेल. बयाणा रक्कम आणि उलाढालीची अट कामाच्या आकाराइतकीच ठेवा. आणि बिल वेळेवर द्या. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. चार महिने बिल अडकलं तर मोठा कंत्राटदार तग धरतो, महिलांचा बचत गट मोडतो.

पायरी ७: मोजा, जाहीर करा, कागदावर बांधा

पहिल्या पायरीतलेच निर्देशक दरवर्षी त्याच महिन्यात मोजा. त्यात एक प्रश्न वाढवा: काम सुरू होताना इथे राहणाऱ्या कुटुंबांपैकी आज किती इथेच आहेत? शाळेचे निकाल सुधारले आणि कुटुंबंच बदलली असतील, तर पायरी २ कमी पडली असं समजावं आणि पुढच्या वस्तीत बांधकाम थांबवून आधी ती दुरुस्त करावी.

सत्ता बदलली की असे कार्यक्रम विरतात. पोर्तो आलेग्रेमध्ये २००४ च्या निवडणुकीनंतर सहभागी अंदाजपत्रकाचा जोर हळूहळू ओसरला. त्यामुळे सूत्र, राखीव वाटा आणि बैठकांचं वेळापत्रक एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर न ठेवता सभागृहाच्या ठरावात आणि नियमावलीत घाला. वस्तीच्या समितीकडेही त्याची प्रत असू द्या. पुढच्या वर्षीच्या बैठकीत नव्या मागण्या घेण्याआधी विषयपत्रिकेवर पहिला विषय मागच्या वर्षीच्या कामांची यादी हा ठेवा: कोणतं काम पूर्ण झालं, कोणतं अर्धवट आहे, त्याचे पैसे कुठे आहेत, आणि उरलेलं कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार.